हशाची जागा

हशा ठरलेल्या जागीच आला. संहितेच्या पानावर दिग्दर्शकानं तिथं पेन्सिलीनं लिहूनच ठेवलं होतं, कंसात, ठसठशीत अक्षरांत: हशा. तालमीला जमलेली आठ-दहा माणसं, सगळी बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली, एकदम फुटली. कपडेपट सांभाळणारी शिंपीणबाई डोळे पुसायला लागली. दिग्दर्शकानं मांडीवर थाप मारली आणि ओरडला, "बस्स! ताई, हाच हशा मला प्रयोगाला हवाय!" आणि ती, वाक्य बोलून झालेली, हात पर्सच्या पट्ट्यावर, तशीच उभी राहिली. तिला काहीतरी लागलं होतं. डावीकडे, बरगडीखाली. इथं दुखतं हो, म्हणून माणसं तिच्याकडे रोज एक्स-रे काढायला येतात, आणि फोटोत काही दिसत नाही. नेमकं तिथं.

नाटक दिग्दर्शकानंच लिहिलं होतं. दिवसा तो विमा विकतो, त्यामुळे माणसं मरणाविषयी बोलताना कशी हळवी होतात आणि प्रेमाविषयी बोलताना कशी हिशेबी होतात, ते त्याला पक्कं माहीत. नाटकाचं नाव ‘हृदय भाड्यानं देणे’. एक उडाणटप्पू तरुण कार्यालय थाटतो. तिथं प्रेमिक भाड्यानं मिळतात: ताशी दरानं उसासे टाकणारा, रुसवा काढणारा, बसस्टॉपवर भिजत उभा राहणारा, छत्री हवी असल्यास दर वेगळा. नायिका तक्रार घेऊन येते आणि मालकाच्याच प्रेमात पडते, तर मालक त्याचंही बिल करतो. दुसऱ्या अंकात नायिकेची आत्या चोरून तिथं येते. बिनलग्नाची, साठीला टेकलेली, ओठांच्या बाहेर गेलेली लिपस्टिक, चष्मा उलटा. मालक विचारतो, काय हवंय. ती म्हणते, "जास्त काही नको हो. संध्याकाळी घरी गेल्यावर कुणीतरी विचारायला हवं, आज काय झालं म्हणून." मालक म्हणतो, "मावशी, त्यापेक्षा रेडिओ घ्या की!" त्यावर आत्यानं मान वेळावून, चिरक्या आवाजात म्हणायचं, "रेडिओ आहे. पण तो माझं ऐकत नाही." मग पर्स पडते, पर्समधून काय काय घरंगळतं, आणि हशा. वाचनाच्या दिवशी तीही पोट धरून हसली होती. हे आठवून तिला आता बरं वाटेना.

कारण आज तिनं चिरका आवाज काढलाच नव्हता. एक्स-रे विभागातून ती थेट तालमीला आली होती. दिवसभर शिशाचा एप्रन खांद्यावर घेऊन खांदे उतरले होते. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, हे इतक्या वेळा म्हणून झालं होतं की घशात दुसरा आवाज शिल्लकच नव्हता. त्यामुळे वाक्य तिच्या स्वतःच्या आवाजात गेलं. रोजच्या, थोड्या बसलेल्या, रुग्णाला ‘बाजूला वळा’ सांगतात त्या आवाजात. मान वेळावायची राहिली, पर्स पाडायची राहिली. आणि हशा एरवीपेक्षा मोठा आला. म्हणजे इतके दिवस माणसं सोंगाला हसताहेत असं ती समजत होती. सोंग नव्हतं तेव्हा ती माणसं जास्त हसली.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. काचेत दिव्यांवर दिवे सरकत होते आणि मधूनच तिचा चेहरा. तिला वाटलं, आपल्याला वाईट वाटलेलं नाही. वाईट वाटणं ओळखीचं असतं, त्याची जागा ठरलेली असते. हे वेगळं होतं, तापलेलं होतं. हे हसणं तिनं यापूर्वी ऐकलेलं होतं. तिच्या घरात भांडण असं कधी झालंच नाही. शेजारीपाजारी कौतुक करायचे, काय हसतं-खेळतं घर आहे हो. घर हसतं होतं खरंच, कारण धाकटा भाऊ होता. तो कुणाचीही नक्कल करायचा. रंगाच्या कंपनीत विक्रीच्या नोकरीला लागला, पण खरा नट तोच, असं सगळे म्हणायचे. वडिलांना एकदा बदली मागून समुद्राकाठच्या गावी जायचं होतं. भावानं जेवताना वडील साहेबासमोर अर्ज घेऊन कसे उभे राहतील ते करून दाखवलं. अर्ज गेलाच नाही. आईला पन्नाशीत पोहायला शिकायची हौस आली. भावानं गुडघाभर पाण्यात किंचाळणारी आई केली, पदर सावरत, नाक दाबत. आई हसून हसून जमिनीवर लोळली, आणि पुन्हा पोहण्याचं नाव तिनं काढलं नाही. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही. नुसते हसले, आणि ती गोष्ट संपली.

आणि मग ते. घरात त्यांचं नाव ‘मशीनवाला’. एक्स-रेचं यंत्र बिघडलं की कंपनीकडून यायचे. सावकाश बोलायचे. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचे, जणू वाक्याला आत येऊ का असं विचारायचे. काम झालं की रुमालानं एकेक बोट पुसायचे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग दुसरा हात. यंत्र वारंवार बिघडायला लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते इतकं बिघडत नाहीये. त्या अंधाऱ्या खोलीत, फिल्म धुवायच्या आंबट वासात, ते विचारायचे, "मग? आज काय विशेष?" आणि ती सांगायची. कुणाच्या पोटात गिळलेलं नाणं दिसलं, कोण म्हातारी फोटो काढायचा म्हणून केस विंचरून आली. ते ऐकायचे. ऐकताना त्यांचे हात थांबायचे. तिची अडतिशी उलटली होती. तिनं एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं. जेवण चांगलं झालं, ते चांगलं वागले, आईला त्यांनी कुकरची शिट्टी नीट करून दिली. ते गेले आणि दार लागलं न लागलं तोच भावानं ताटाशेजारचा रुमाल उचलला. खाकरला. अंगठा पुसला. पुन्हा खाकरला. "भाजी…" तर्जनी पुसली. "…फार…" मधलं बोट. "…छान…" आई, वडील, नवी आलेली भावजय, सगळी आडवी झाली. तीही. तिचं हसू तर थांबेचना. इतकं तंतोतंत होतं ते. पुढच्या आठवड्यात ते आले, यंत्र पाहिलं, रुमाल काढला आणि म्हणाले, "घरी… काय म्हणाले?" ती सांगणार होती. काय सांगणार होती, ते तिला आजही माहीत आहे. पण ते अंगठा पुसत होते, आणि तिला हसू आलं. तिनं ओठ घट्ट धरले तरी ते नाकातून फुटलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं. रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. एक बोटसुद्धा आणखी पुसलं नाही. त्यानंतर यंत्र बिघडलं की दुसराच कुणीतरी यायचा.

दुसऱ्या दिवशी तालमीला ती वेळेच्या आधी गेली. दिग्दर्शक फळ्यावरची मुळाक्षरं पुसून रंगमंचाचा नकाशा काढत होता. पोरसवदा होता तेव्हा तिनंच त्याला या नाट्यमंडळात आणलं होतं, पहिली भूमिका दिली होती, दिवा घेऊन उभ्या राहणाऱ्या शिपायाची. त्यामुळे तो तिला ताई म्हणतो आणि एकेरीत बोलतो.

"मी ते तसं करणार नाही," ती म्हणाली.

"काय तसं?"

"पर्स पाडायची, चष्मा उलटा, ओठांबाहेर लिपस्टिक. नाही करणार."

त्यानं खडू खाली ठेवला. "ताई, फार्स आहे अगं हा."

"असू दे."

"असू दे काय? अगं, हशा तिच्यावर नाहीचे. त्या पोरावर आहे, त्याच्या धंद्यावर आहे. आपण बाजाराची टर उडवतोय."

"मग लिपस्टिक त्याच्या ओठाबाहेर लाव."

मागं शिंपीणबाई खुसखुसली आणि एकदम गप्प झाली. दिग्दर्शकानं कपाळावरचा घाम खडूच्याच हातानं पुसला, तिथं पांढरा पट्टा उमटला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की लोकांना आधी हसवायचं आणि मग घरी गेल्यावर त्यांना टोचायला लागतं. त्यानं तिला ते समजावून सांगितलं, नेहमीसारखं, दोन्ही हात हलवत. त्यात तथ्यही होतं. ती ऐकून घेत राहिली. पण घरी गेल्यावर कुणाला काही टोचलेलं तिनं तरी पाहिलेलं नव्हतं. ती हसणाऱ्यांच्याच घरात राहत होती.

"वाक्य बदलू का?" त्यानं शेवटी विचारलं.

"एक अक्षर बदलू नकोस. वाक्य चांगलं आहे. तुला वाटतंय त्याहून चांगलं लिहिलंयस तू."

"मग करायचं काय?"

"काही नाही. मी नुसतं म्हणणार."

"आणि लोक हसले नाहीत तर?"

"तर नाही हसले."

"आणि हसले तर?"

"तर उभी राहीन," ती म्हणाली.

तो फेऱ्या मारायला लागला. बुटक्या खुर्च्या पायात येत होत्या, त्या तो लाथेनं सरकवत होता. मग पाठ करून म्हणाला की मंडळातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना ही भूमिका फार आवडलीय, त्या आनंदानं करतील, लिपस्टिकसकट. तिला हे अपेक्षित होतं. या मंडळात तिनं नायिकांच्या आया केल्या होत्या, शेजारणी केल्या होत्या, एकदा तर नुसता पडद्याआडचा आवाज केला होता. पडदे शिवले, खिळे ठोकले. असं अडून कधी बसली नव्हती. अडून बसायची पायाला सवय नसते, पोटऱ्या थरथरतात.

"विचार त्यांना," ती म्हणाली. "फक्त आधी हे सांग की मी भूमिका सोडलेली नाही. तू काढून घेतलीस."

त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तालमीत तिच्या प्रवेशाला तो पाठ फिरवून बसायला लागला.

घरी पुतणी तिच्याबरोबर वाक्यं वाचायची. कॉलेजात जाणारी मुलगी, मालकाची वाक्यं ती च्युइंगम चघळत म्हणायची आणि अगदी बरोबर म्हणायची. भाऊ वर्तमानपत्राआडून ऐकत होता, हे त्या दोघींनाही कळलं नाही. रविवारी जेवण आटोपत आलं होतं. भाऊ उठला, खुंटीवरची तिची पर्स घेतली, बगलेत मारली. तिचा चष्मा फ्रीजवर होता, तो घातला. मग दारातून आत आला. पाऊल टाकण्याआधी चप्पल चाचपायची तिची सवय, बोलण्याआधी खालचा ओठ आत ओढायची सवय, सगळं होतं. "जास्त काही नको हो," तो म्हणाला, तिच्याच बसक्या आवाजात. "संध्याकाळी घरी गेल्यावर… कुणीतरी विचारायला हवं…" भावजयीनं पदर तोंडाला लावला. पुतणी टेबलावर कोसळली. भाऊ तिच्याकडे पाहत होता, भुवया उंच करून, टाळी द्यायला हात अर्धा पुढे आलेला. आता तिचा हशा तेवढा यायचा होता. कित्येक वर्षं तो वेळेवर आला होता.

तिनं हातातला घास खाली ठेवला. "पुन्हा कर," ती म्हणाली.

"काय?"

"छान केलंस. पुन्हा कर. असंच."

तो खूश झाला. दाराबाहेर गेला, आत आला. चप्पल चाचपली, ओठ ओढला. "जास्त काही नको हो…" भावजय हसली, पण मघाइतकी नाही. ती स्वतः मात्र त्याच्याकडे बघत राहिली, एखादी फिल्म उजेडासमोर धरून बघावी तशी, राग न धरता, पण सगळं.

"अजून एकदा."

"झालं की आता, ताई."

"नाही. कर. मला बघायचंय."

तो पुन्हा दाराशी गेला. या वेळी आत येताना पर्स बगलेतून निसटली, ती त्यानं सावरली. "जास्त… काही नको हो," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. "संध्याकाळी घरी गेल्यावर कुणीतरी विचारायला हवं." आवाज तोच होता, नक्कल तितकीच अचूक होती. पण आता खोलीत नुसतं ते वाक्य होतं, आणि ते पन्नाशीच्या, बायकी पर्स घेतलेल्या एका पुरुषाच्या तोंडात होतं. पुढचं त्याला म्हणवेना. नळ टपकत होता. पुतणी ताटाकडे बघत राहिली. भावानं चष्मा काढला, काचेवर त्याचा अंगठा उमटला होता, तो शर्टाला पुसला आणि फ्रीजवर ठेवला. "कॉमेडी आहे ना हे नाटक?" त्यानं विचारलं, काहीसं चिडून. "हो," ती म्हणाली, आणि भात वाढून घेतला. तिला भूक लागली होती.

पहिला प्रयोग वाचनालयाच्या सभागृहात होता. सगळ्या खुर्च्या भरल्या, शिवाय भिंतीला लागून माणसं. पहिला अंक तुफान गेला. बसस्टॉपवर भिजणारा प्रेमिक छत्रीचे जादा पैसे मागतो तिथं तर टाळ्या थांबेनात. विंगेत उभ्या उभ्या तिला तो आनंद अंगावर येताना जाणवत होता आणि ती तो आता बिघडवणार होती, हेही जाणवत होतं. हसणाऱ्या माणसांशी तिचं वैर नव्हतं. किती दिवसांनी हसत असतील बिचारी. क्षणभर वाटलं, पर्स पाडावी. काय जातं? पडली तर पडली. सगळे सुखानं घरी जातील. हा विचार इतका गोड, इतका ओळखीचा होता, की तिनं पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट केला आणि प्रकाशात पाऊल टाकलं.

तिसऱ्या रांगेत भाऊ दिसला. शेजारी भावजय, पुतणी. ती नुसती बाई होऊन आत गेली. चष्मा सुलटा, साडी तिची रोजची. तिला पाहूनच थोडे हसले, दुसरा अंक आहे म्हणजे हसायचं असतं म्हणून. तिनं आपलं मागणं सांगितलं. मालकानं रेडिओचा विनोद टाकला, आणि तो जोरदार झाला, सभागृह उसळलं. ती ते ओसरेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "रेडिओ आहे. पण तो माझं ऐकत नाही."

हशा निघाला होता. तिला तो निघालेला दिसला, चेहऱ्यांवर आलेला, आणि मग कुठंतरी वाटेत थबकला. मागं एक माणूस एकटाच हसला आणि आपण एकटेच आहोत हे कळून खोकायला लागला. ती उभी राहिली. मालकाचं काम करणारा बँकेतला पोरगा भांबावला. त्याचं पुढचं वाक्य ‘पुढचं गिऱ्हाईक!’ असं होतं, ते हशाच्या पाठीवर स्वार होऊन म्हणायचं. पाठच नव्हती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, विंगेकडे पाहिलं, आणि शेवटी खालच्या आवाजात, टेबलाकडे बघत म्हणाला, "पुढचं गिऱ्हाईक." असं, की तो ते कुणाकुणाला म्हणत आलाय हे त्याला आत्ताच कळलं असावं. ती वळली आणि बाहेर आली.

त्यानंतर बराच वेळ नाटक जड गेलं. नायिकेच्या हशाच्या हक्काच्या दोन जागा पडल्या. लोक हसायला बिचकत होते. विंगेत दिग्दर्शक दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. ती त्याच्याजवळून गेली तेव्हा तो नुसतं एवढंच म्हणाला, "जिवंत माणूस आणून टाकलंस मधे." ही शिवी होती की काय, ते त्यालाही ठरवता येत नव्हतं.

टॅक्सीत पुढं पुतणी आणि मागं ती तिघं. भावजयीनं नाटक छान झाल्याचं सांगितलं, नायिकेच्या साडीबद्दल बोलली, मग थकून डोळे मिटले. भाऊ खिडकीबाहेर बघत होता. इतका वेळ गप्प बसलेलं तिनं त्याला आजारपणातही पाहिलं नव्हतं. पुलावर टॅक्सी रखडली. समोरच्या बसचे लाल दिवे त्याच्या चेहऱ्यावर पडले.

"त्यांचं नाव काय होतं गं?" तो म्हणाला.

"कुणाचं?" ती म्हणाली. तिला कळलं होतं. पण त्याच्याकडून ते यायला हवं होतं.

"ते… मशीन दुरुस्त करायला यायचे ते."

यायचे, असं तो म्हणाला. इतकी वर्षं ‘यायचा’ होतं. तिनं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते नाव मोठ्यानं उच्चारायला तिची जीभ अवघडेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. भावानं ते एकदा स्वतःशी म्हटलं, स्वतःच्या आवाजात.

"मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "म्हणजे विसरलो असं नाही. विचारलंच नव्हतं कधी."

जाऊ दे रे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. हे शब्द ती आयुष्यभर वाटत आली होती, दारावर येईल त्याला. तिनं ते गिळले. "नव्हतंच विचारलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आणि हसले मीही होते. त्यांच्या तोंडावर." पुढं पुतणी चघळायची थांबली होती, आरशात तिचे डोळे दिसत होते. टॅक्सी हलली.

कुणाला वाटेल, इथं सगळं मिटलं. तिलाही दोन-तीन दिवस तसंच वाटत होतं. एक्स-रे विभागात ती गुणगुणत होती. पण दुसरा प्रयोग एका कॉलेजच्या सभागृहात होता. तंत्रशिक्षणाचं कॉलेज, बहुतेक पोरं, सकाळपासून कसल्या कसल्या स्पर्धांनी उधाणलेली. पडद्याआडूनच शिट्ट्या ऐकू येत होत्या. दिग्दर्शक तिच्यासमोर लिपस्टिक घेऊन उभा राहिला, टोपण काढून, चमच्यातलं औषध धरावं तशी.

"ताई, ऐक माझं. ती पोरं आहेत, वाचनालय नाही. फाडून खातील तुला. थोडं तरी. एवढंसं बाहेर. एकदा त्यांना हवं ते दिलं की मग ती आपली."

तिनं लिपस्टिक घेतली. शिंपीणबाईच्या आरशात बघून लावली, सावकाश, ओठांच्या कडेकडेनं, एक रेष इकडची तिकडं होऊ न देता. खालचा ओठ वरच्यावर दाबला. मग त्याच्याकडे वळली. "कशी दिसते?"

"छान," तो म्हणाला, हताश होऊन. आणि मग खरं तेच म्हणाला, "छान दिसतेस गं."

ती प्रकाशात आली मात्र, सभागृह पेटलं. "आजी आली रे!" "आजी, मी येतो तुमच्याकडे!" "ताशी दर काय, आजी?" शिट्ट्या, बाकं बडवणं. तिनं मागणं सांगितलं, त्यातलं अर्धं बुडालं. रेडिओच्या विनोदावर कुणीतरी रेडिओची खरखर काढली, मग वीस जणांनी काढली. ती थांबली. वाचनालयात थांबली होती तशीच. हे ओसरेल, तिला वाटलं. ओसरलं नाही. तिच्या थांबण्यालाच पोरं हसायला लागली. मालक झालेला पोरगा डोळ्यांनी विनवत होता, बोला आणि सुटा. पहिल्या रांगेत एक मुलगा होता, कोवळी मिशी, हसता हसता डोळ्यांत पाणी आलेलं. त्याच्या शेजारचा न हसणारा त्याच्या ढोसण्यानं हसायला लागला, आणि हसायला लागल्यावर सुटल्यासारखा दिसला. तिनं त्या दोघांकडे नीट पाहिलं. पोटऱ्या थरथरत नव्हत्या, हे तिच्या लक्षात आलं. कान गरम झाले होते, मान गरम झाली होती, आणि त्या सगळ्या गदारोळाच्या मधोमध आपण उभ्या आहोत, आडव्या झालो नाही, याचं तिला एक राकट सुख होत होतं. हसा, तिला वाटलं. हसा की. मी तुमच्यात येऊन हसणार नाही.

मग तिनं वाक्य म्हटलं. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. रेडिओ आहे. त्यानंतर थांबायचं तेवढी थांबली. पण तो माझं ऐकत नाही. शब्द तोंडातून निघाले आणि त्या गोंगाटात थेंबासारखे नाहीसे झाले. तिच्या स्वतःच्या कानाला ते हाडातून ऐकू आले तेवढेच. पोरगा ‘पुढचं गिऱ्हाईक!’ असं केकाटला. ती वळली आणि चालत बाहेर आली. तेवढ्यात कुणीतरी कागदाचं विमान सोडलं, ते तिच्या खांद्यावरून जाऊन पडद्यात अडकलं.

विंगेत दिग्दर्शकानं तिला पाणी दिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याला त्या पोरांचा राग आला होता, तिचाही आला होता, आणि आपण हे लिहिलं कशाला याचाही. "एक अक्षर ऐकू आलं नाही, ताई," तो म्हणाला. "शेवटच्या रांगेचं सोड, पहिल्या रांगेलासुद्धा नाही."

"मी म्हटलं ना पण?"

"म्हटलंस."

"सगळं?"

"सगळं म्हटलंस. मी बघत होतो तुझ्या ओठांकडे."

ती कपड्यांच्या पेटीवर बसली, उरलेलं पाणी संपवलं, पदरानं हनुवटी टिपली. बाहेर अजून आरडाओरडा चाललाच होता.

"मग पुढचा प्रयोग कधी आहे," ती म्हणाली, "तेवढं सांग."